शिजूनही न मरणारे विष



या सदरात आपण नेहमी बियाणे, खत, कीड आणि गुरांचे आजार यांच्याविषयी बोलतो. आज मात्र बांध ओलांडून थोडे खाडीच्या चिखलात उतरायचे आहे. घाटावरचे वाचक म्हणतील, "आमच्या शेताचा आणि समुद्राचा काय संबंध?" पण कोकणातला शेतकरी एक पाय भाताच्या खाचरात आणि एक पाय खाडीत ठेवूनच जगत आला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर पाणी लांब ओसरले, की सासवा-सुना आणि पोरेबाळे टोपल्या घेऊन निघतात. चिखलातून तिसऱ्या आणि खुबे वेचतात, खडकावरचे कालवे फोडून काढतात, काकई ओरबाडून आणतात. गोव्याकडे याच काकईला शिनाणे म्हणतात. पैसा न खर्चता घरात सकस कालवण होते, चार टोपल्या विकल्या तर मीठ-मिरचीचा खर्च निघतो. आता तर बर्फाच्या पेट्यांतून हे शिंपले घाट चढून वरच्या बाजारांतही येतात. तेव्हा आजचा विषय सगळ्यांच्याच ताटातला आहे.

आपल्या स्वयंपाकघरात एक नियम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे : ताजे आणा, स्वच्छ धुवा, नीट शिजवा, म्हणजे बाधत नाही. नियम सोन्यासारखा आहे. शंभरांतल्या नव्व्याण्णव वेळा तो घराला वाचवतो. आज मला त्या उरलेल्या एका वेळेबद्दल सांगायचे आहे. शिंपल्यांत कधी कधी असे एक विष साठते, की शिंपला ताजा फडफडीत असतो, धुतलेला असतो, रटरटून शिजलेलाही असतो, आणि तरीही माणूस दगावतो. विस्तवाला ते विष दाद देत नाही. म्हणून त्याच्यापासूनचा बचाव चुलीवर होत नाही, चुलीच्या आधी करावा लागतो. एवढी एक गोष्ट या लेखातून तुमच्या पदरात पडली तरी पुरे.

विष येते कोठून?

पहिली गोष्ट ही, की हे विष शिंपल्याचे स्वतःचे नव्हे. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म शैवाले असतात. जमिनीवर जसे गवत, तसे समुद्रात हे शैवाल. त्याच्यावरच सागरातला सारा जीवसंसार उभा आहे. त्याच्या हजारो जाती आहेत आणि बहुतेक निरुपद्रवी आहेत. थोड्या जाती मात्र आपल्या पेशीत जहाल विष तयार करतात.

तिसरी, कालव, काकई यांची खाण्याची तऱ्हा अशी, की ते पाणी आत ओढतात, त्यातले शैवाल गाळून घेतात आणि पाणी बाहेर सोडतात. एक काकई तासाला लिटर-दोन लिटर पाणी सहज गाळते. दिवसरात्र चालणारी चाळणीच म्हणा ना. पाण्यात विषारी जातीचे शैवाल वाढले, की ही चाळणी तेही गाळून घेते आणि विष तिच्या अंगात साठत जाते. शिंपल्याला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही. तो जिवंत असतो, शिंप घट्ट मिटून घेतो, त्याला वास येत नाही, चवही बदलत नाही. बाधते ते खाणाऱ्याला.

शेतकऱ्याला ही गोष्ट नवी वाटू नये. पाण्याचा ताण बसून खुरटलेली कोवळी ज्वारी हिरवीगार दिसते, गाय आवडीने खाते आणि घटकाभरात पाय खोडून पडते. तीच ज्वारी फुलोऱ्यावर आली की बाधत नाही. म्हणजे पीक तेच, पण वेळ वाईट. तसेच बुरशी धरलेल्या शेंगदाण्यातले विष भाजल्याने पुरते जात नाही, हेही आपण जाणतो. शिंपल्यांचे तंत्र या दोहोंसारखे आहे. एरवी तो उत्तम आहार, पण वाईट वेळ आली की घातक, आणि भाजण्या-उकडण्याने न सुधारणारा.

या विषांचे मुख्य प्रकार तीन. पहिला मज्जातंतूंवर घाला घालून अंग लुळे पाडणारा. त्यातल्या मुख्य विषाचे नाव सॅक्सिटॉक्सिन. हाच सर्वांत घातकी. दुसरा जुलाब-उलट्या लावणारा. १९७६ साली जपानमध्ये त्याची ओळख पटली. त्याने माणूस हैराण होतो, पण सहसा दोन-तीन दिवसांत बरा होतो. तिसरा मेंदूवर परिणाम करून स्मृती घालवणारा. १९८७ च्या अखेरीस कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या शेतीत वाढवलेली काकई खाऊन शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, काही दगावली आणि वाचलेल्यांपैकी काहींना जवळच्या गोष्टीही आठवेनात. त्यातले विष होते डोमोइक आम्ल. आज आपण मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी बोलू, कारण आपल्या देशात माणसे दगावली ती त्यानेच.

आपल्या किनाऱ्यावर काय घडले

हे सारे परदेशातले आहे असे कोणी समजू नये. १९८१ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर शिंपले खाऊन ८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले आणि ३ माणसे गेली. ते शिंपले आपल्या तिसऱ्यांच्याच गोतातले होते. दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, मंगळूरच्या परिसरात असाच प्रकार घडला. मंगळूर म्हणजे गोव्याच्या खालचा किनारा. तेथली खाडी आणि आपली खाडी एकाच अरबी समुद्राचे पाणी पितात.

सर्वांत मोठी घटना १९९७ च्या सप्टेंबरात केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम येथे घडली. खडकाला चिकटून वाढणारी तपकिरी काकई हे तिथल्या लोकांचे रोजचे अन्न. त्या दिवसांत ती खाल्ल्यावर ७ माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही माणसे काही अडाणी नव्हती. समुद्रावरच जन्म काढलेली होती. काकई कशी ओळखावी, कशी धुवावी, कशी शिजवावी, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या पंधरवड्यातले पाणी वेगळे होते आणि ते डोळ्यांना दिसत नव्हते.

महिना ध्यानात घ्या. सप्टेंबर म्हणजे पावसाळा सरतीला आलेला, नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, दर्या पुन्हा मोकळा झालेला. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्राला विश्रांती देण्याची रीत आहे. माशांच्या विणीच्या दृष्टीने ती फार शहाणपणाची आहे. पण नारळ वाहिला म्हणजे शिंपले निर्धोक झाले, असे मात्र नाही. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी समुद्राच्या खोलातले क्षारयुक्त पाणी वर येते. नद्याही रानातून आणि शेतांतून खताचा अंश वाहून आणतात. शेतात युरिया पडल्यावर तण जसे तरारते, तसे या पोषणावर शैवाल तरारते. बहुतेक वेळा ते चांगल्या जातीचे असते आणि मासळीला पोषक ठरते. कधी तरी त्यात नको ती जात वरचढ होते.

लहान मूल आणि वाडगाभर सार

१९८७ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाच्या किनाऱ्यावर घडलेली हकिकत आपल्या प्रत्येक घराने ऐकावी अशी आहे. तिथल्या लोकांनी नेहमीप्रमाणे शिंपले वेचून त्यांचे सार केले. १८७ माणसे आजारी पडली, २६ दगावली. सहा वर्षांखालची जी मुले आजारी पडली, त्यांतली निम्मी गेली. मोठ्या माणसांत हेच प्रमाण शंभरात सातच्या आसपास होते.

असे का व्हावे? एक तर मुलाचे वजन कमी. जेवढ्या विषाने साठ किलोच्या माणसाच्या ओठाला नुसत्या मुंग्या येतील, तेवढ्याने दहा-बारा किलोच्या लेकराचा श्वास अडखळतो. दुसरे कारण सार. हे विष पाण्यात विरघळते. शिंपले उकडले की विषाचा काही भाग पाण्यात उतरतो. आपण काय करतो? "पोराला शिंपल्या चावायच्या नाहीत, नुसते पाणी भातावर घाल," असे आजी मायेने सांगते. एरवी ते बरोबरच आहे, कारण शिंपल्यांच्या पाण्यात सत्त्व असते. पण घात व्हायचा त्या दिवशी तेच पाणी सर्वांत वाईट.

किती विष लागते म्हणाल, तर अगदी थोडे. एक किलो शिंपल्याच्या मांसात ०.८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक सॅक्सिटॉक्सिन असू नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. एका ग्रॅमचे साडेबाराशे भाग केले तर त्यातला एक भाग. साखरेचा एखादा दाणा भरेल एवढेच. तुमच्या-माझ्या डोळ्याला किंवा जिभेला ते कळण्याची सोयच नाही.

शंका आणि उत्तरे

गावोगाव फिरताना या विषयावर भगिनी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र देतो.

*शंका :* आम्ही कोकम घालतो, चिंच घालतो, लिंबू पिळतो. आंबटाने विष मरत नाही का?

*उत्तर :* नाही. उलट हे विष आंबटात अधिक टिकते. कोकम चवीसाठी आणि पचनासाठी जरूर घाला, पण त्याला औषध समजू नका.

*शंका :* कुकरच्या चार शिट्ट्या केल्या तर?

*उत्तर :* तरीही घरगुती शिजवण्यावर भरवसा ठेवता येत नाही. बर्फात ठेवल्याने किंवा गोठवल्यानेही विष जात नाही. मात्र म्हणून कच्चे-पक्के खाऊ नका. सांडपाण्यातून येणारे जंतू, हगवण आणि काविळीची लागण यांच्यावर चांगले शिजवणे हाच उपाय आहे. जंतू शिजून मरतात, शैवालाचे विष शिजून मरत नाही. हा फरक पक्का लक्षात ठेवा.

*शंका :* आम्ही तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतो, मग?

*उत्तर :* त्याने पोटातली वाळू निघते, काही घाणही निघते. विष मात्र एका रात्रीत निघत नाही. स्वच्छ समुद्रात असतानाही शिंपल्याच्या अंगातून ते उतरायला काही आठवडे लागतात. काही जातींत ते महिनोन् महिने राहते.

*शंका :* लसूण काळी पडते का, चांदीचे नाणे काळे पडते का, हे पाहून समजते म्हणतात.

*उत्तर :* अळंब्यांच्या बाबतीतही असेच सांगतात आणि तिथेही ते खोटे आहे. लसूण पांढरीशुभ्र राहील आणि कालवण विषारी असेल. मांजराला घास घालून पाहणेही खात्रीचे नाही आणि मुक्या जिवावर अन्यायच आहे.

*शंका :* पाणी लाल दिसले तर विष आहे असे समजावे का?

*उत्तर :* पाण्याचा रंग लाल, तपकिरी किंवा हिरवा झाला, मासे मरून किनाऱ्याला लागले, तर त्या भागातले शिंपले खाऊ नयेत हे खरेच. पण उलट बाजूने रंगावर विसंबू नका. पाणी नितळ असतानाही शिंपले विषारी झाल्याची उदाहरणे आहेत. दुसरीकडे, अलीकडच्या वर्षांत मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकताना अनेकांनी पाहिल्या. तो नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जीवाचा प्रकाश. तो काही अंग लुळे पाडणारे हे विष तयार करत नाही. थोडक्यात, चमकणारे सारे विषारी नव्हे आणि नितळ सारे निर्धोक नव्हे.

*शंका :* मग कोळंबी, खेकडा, पापलेट, बोंबील यांचे काय?

*उत्तर :* हे प्राणी पाणी गाळून खात नाहीत, म्हणून हा विशिष्ट धोका मुख्यतः दोन शिंपांच्या जिवांचाच. खेकड्याच्या पोटातला ऐवज मात्र शंका असेल तेव्हा काढून टाकावा. माशांत दोन गोष्टी पाळा. फुगणारा केंड मासा कधीही खाऊ नका. त्याचे विषही याच जातीचे, अंग लुळे पाडणारे आहे आणि शिजवल्याने जात नाही. आणि बांगडा, कुपा यांसारखी मासळी बर्फाशिवाय उन्हात पडून राहिली असेल तर घेऊ नका. तिच्यात तयार होणाऱ्या विषाने अंग लाल होते, डोके ठणकते, आणि तेही शिजवून जात नाही.

लक्षणे कशी ओळखावीत

अंग लुळे पाडणाऱ्या विषाची सुरुवात ठरावीक असते. शिंपले खाल्ल्यानंतर काही मिनिटांत किंवा दोन-चार तासांच्या आत ओठ, जीभ आणि तोंडाभोवती मुंग्या येतात, बधिरपणा वाटतो. पान खाताना चुना जास्त झाल्यासारखे काही जणांना वाटते. मग मुंग्या बोटांच्या टोकांना आणि पायांना येतात. अंग हलके झाल्यासारखे, पाण्यावर तरंगत असल्यासारखे वाटते. पुढे जीभ जड होते, बोलणे अडखळते, घास गिळवत नाही, हातापायांतले बळ जाते. वाढत गेले तर छातीचे स्नायू थकतात आणि श्वास थांबतो. मृत्यू येतो तो श्वास थांबून.

जंतूंमुळे होणाऱ्या विषबाधेत बहुधा पोटात कळा, उलट्या, जुलाब आणि ताप असतो. अंगावर पित्त किंवा गांधी उठून खाज सुटली तर ती बहुतेक वेळा शिंपल्यांची वावडी असते. तीही कधी गंभीर होते, डॉक्टरांना दाखवावे. पण तोंडाला मुंग्या आणि बळ जाणे ही खूण दिसली, की ती या विषाची समजून चालायचे. ताप नाही म्हणून गाफील राहायचे नाही.

अशा वेळी काय करावे

या विषावर उतारा नाही. कोणतीही मुळी, मंत्र, ताक, तूप, इंजेक्शन ते विष मारत नाही. पण निराश होण्याचेही कारण नाही. शरीर हे विष लघवीवाटे हळूहळू बाहेर टाकते. माणसाचा श्वास यंत्राने चालू ठेवला आणि त्याने पहिले चोवीस तास काढले, तर तो बहुधा पूर्ण बरा होतो, आणि हातपाय पहिल्यासारखे चालू लागतात. म्हणजे सारी लढाई वेळेची आहे. कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत माणूस श्वास घेत पोहोचला पाहिजे.

म्हणून :

१. ओठाला मुंग्या आल्या की ताबडतोब निघा. "झोपला की बरे वाटेल," म्हणून रात्र काढू नका.

२. १०८ ला फोन करा. शिंपले खाल्ल्याचे आणि अंग बधिर होत असल्याचे स्पष्ट सांगा, म्हणजे थेट श्वसनयंत्र असलेल्या रुग्णालयात नेता येईल.

३. गिळवत नसेल तर तोंडात पाणी, लिंबू, ताक काहीही घालू नका. ओकारी काढण्याच्या खटाटोपात पडू नका. माणसाला कुशीवर निजवा.

४. श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देत राहा आणि मदत येईपर्यंत सोडू नका. गावातल्या चार तरुणांनी हे आरोग्य केंद्रात जाऊन शिकून घ्यावे. बुडालेल्यालाही ते उपयोगी पडते.

५. रुग्णाचे हातपाय हलत नसले, डोळे मिटलेले असले, तरी बहुधा त्याला सारे ऐकू येत असते आणि समजत असते. त्याच्या उशाशी रडारड, "आता काही राहिले नाही" असे बोलणे करू नका. नाव घेऊन धीर द्या.

६. उरलेले कालवण आणि न शिजवलेले शिंपले फेकू नका. झाकून, शक्य तर बर्फात ठेवून, डॉक्टरांच्या किंवा आरोग्य खात्याच्या हवाली करा. केव्हा खाल्ले, कोठून आणले, हे लिहून ठेवा.

७. त्याच टोपलीतले शिंपले आणखी कोणाकोणाच्या घरी गेले, त्यांना लगेच कळवा. एका घरचे दुखणे वेळेवर कळले तर दहा घरांच्या चुली सावध होतात.

तपासणी कोणाच्या टोपलीची?

आता थोडे कडू बोलतो. परदेशी जाणाऱ्या मालाला तपासणीचे दाखले लागतात. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षा नियमांतही या विषांच्या मर्यादा घातलेल्या आहेत. पण खाडीतून वेचून थेट घरी किंवा आठवडी बाजारात जाणारी टोपली कोण तपासणार? ती तपासणाऱ्याच्या वाटेत येतच नाही. साहेबाच्या ताटात जाणारा शिंपला तपासून जातो आणि वेचणाऱ्या बाईच्या लेकराच्या ताटात पडणारा तसाच पडतो.

इतर देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १७९३ च्या जूनमध्ये व्हँकूवर या इंग्रज दर्यावर्दी कप्तानाच्या माणसांनी न्याहारीला काकई खाल्ली. काही तासांत त्यांतला जॉन कार्टर नावाचा खलाशी मेला. त्याच्या नावाने त्या उपसागराला नाव दिले गेले. पुढे १९२७ मध्ये कॅलिफोर्नियात शंभरावर माणसांना बाधा झाली, सहा गेली. तेव्हापासून तिथले सरकार जागे झाले. आजही तिथे दरवर्षी साधारणतः १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळात किनाऱ्यावरची काकई घरी खाण्यासाठी काढायला मनाई असते, आणि शिंपल्यांचे नमुने सतत तपासले जातात. म्हणजे माणसे गेली, त्यातून धडा घेतला आणि नियम झाला.

आपल्याकडे ज्ञान नाही असे नाही. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, कोचीला सागरी मत्स्य संशोधनाची आणि मत्स्य तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाच्या मदतीने शैवालाच्या बहराची माहिती देते. उपग्रहाला बहर दिसतो, त्यातले विष दिसत नाही, हे खरे. पण तेवढी सूचनाही गावातल्या फलकावर लागली तर मोठे काम होईल. शेतात कीड येणार असली की आम्ही लोक दवंडी पिटतो, पत्रके वाटतो. समुद्राच्या शेताला तशीच दवंडी का नसावी? किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी ठराव करून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे ही मागणी जरूर करावी. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी काकई आणि कालवांची शेती करून दाखवली आहे. अशा गटांनी तर विक्रीच्या आधी नमुना तपासून घेण्याची सोय आग्रहाने मागावी. एका गावात बाधा झाली तर साऱ्या किनाऱ्याचा बाजार बसतो.

घरासाठी सात नियम

हे वाचून कोणी शिंपले खाणेच सोडून देऊ नये. अशी बाधा क्वचित होते. तिसऱ्या, कालवे, काकई यांत उत्तम प्रथिने आणि लोह असते, आणि गरिबाच्या घरी तो फुकटचा सकस आहार आहे. सोडायचे नाही, सांभाळून खायचे.

१. पाण्याचा रंग बदलला असेल, फेस आला असेल, मासे मेले असतील, किनाऱ्यावर पक्षी मरून पडले असतील, तर त्या जागचे शिंपले काही आठवडे वर्ज्य करा.

२. शेजारच्या गावात कोणाला बाधा झाल्याचे कानावर आले, तर खात्री होईपर्यंत टोपली घरातच ठेवा. खात्यालाही कळवा.

३. गटाराच्या, कारखान्याच्या किंवा बंदराच्या तोंडाशी वाढलेले शिंपले वेचू नका.

४. विकत घेताना कोठून आणले ते विचारा. शिंप मिटलेली असावी. उघडी असेल आणि टिचकी मारल्यावरही मिटत नसेल, तर तो मेलेला समजून टाकून द्या.

५. कच्चे खाऊ नका. उकडताना जी शिंप उघडत नाही तीही टाका.

६. मोसमातल्या पहिल्या खेपेला बेताने खा. लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी शिंपले आणि त्यांचे सार नको. मोठ्यांपैकी एक-दोघांनी थोडे खाऊन निवांत राहिले तरी ती पूर्ण परीक्षा होत नाही, पण सगळे घर एका वेळी सापडत नाही.

७. शिंपले उकडलेल्या पाण्याविषयी जराही शंका असली, तर ते ओतून द्या. मोह होतो, पण ओता. पाणी ओतले म्हणून मांस निर्धोक झाले, असे मात्र समजू नका.

हा लेख वाचून झाला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, कारण टोपली घेऊन जाण्याचा शब्द त्यांचाच असतो. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना विनंती आहे, की किनाऱ्यावरच्या मुलांना एवढे एक वाक्य पाठ करून घ्यावे : "शिंपले खाल्ल्यावर ओठाला मुंग्या आल्या, तर घरी सांगायचे आणि दवाखाना गाठायचा." पोरांना ते लवकर पाठ होते, आणि ऐन वेळी आठवते ते त्यांनाच.

पुढच्या अंकात रब्बीच्या हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी बोलू.